विचारणारं कुणी होतं म्हणून

नोव्हेंबर आला की पेन्शनवर चालणाऱ्या घरांत एका कागदाची धावपळ सुरू होते. हयातीचा दाखला. आजी नातवाचा हात धरून बँकेत जाते, सही करते, नाहीतर अंगठा उठवते, आणि ‘मी अजून आहे’ एवढं सरकारला कळवून घरी येते. पुढच्या वर्षभराचं पेन्शन त्या एका कागदावर चालतं.

रायपूरच्या सुंदरनगरमधल्या एक बाई कागदोपत्री अशाच कित्येक वर्षं हयात होत्या. त्यांच्या नावावर पेन्शन जमा होत होतं आणि कुणीतरी ते उचलतही होतं. त्या आणि त्यांचे यजमान अमेरिकेला गेलेत, असं नातेवाइकांना सांगितलेलं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये पोलिसांनी त्यांच्या जुन्या घराचं आवार खोदलं, तेव्हा नवराबायको दोघांचेही सांगाडे तिथंच निघाले. २०१० पासून ती दोघं त्या मातीखाली होती. मधल्या काळात घर विकलं गेलं होतं, नवी माणसं राहायला आली होती, त्याच जमिनीवर त्यांचा रोजचा वावर चालू होता.

या प्रकरणाकडे मी पुन्हापुन्हा वळतो तो त्यातल्या क्रौर्यासाठी नाही. मला थक्क करते ती दुसरी गोष्ट. या शोधाची सुरुवात रायपुरात झालीच नाही. दोन धडधाकट, शिकलेली, सरकारदरबारी नोंद असलेली माणसं नाहीशी झाली आणि जवळपास सात वर्षं त्यांच्याबद्दल कुणाला ठाम शंका आली नाही. त्यांचा पत्ता लागला तो पश्चिम बंगालमधल्या बांकुरा गावातल्या एका बापामुळे, ज्याला हे दांपत्य माहीतही नव्हतं.

त्याची २८ वर्षांची मुलगी २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेत नोकरी लागली असं सांगून घरून निघाली होती. प्रत्यक्षात ती भोपाळला गेली होती, इंटरनेटवर ओळख झालेल्या उदयन दास नावाच्या तरुणाकडे. पुढचे काही महिने तिच्या फोनवरून घरी मेसेज येत राहिले. मेसेज यायचे, आवाज यायचा नाही. फोन उचलला जायचा नाही. हातात मोबाइल असलेल्या कुठल्याही आईबापाला ही खूण कळेल. पोरगी कितीही कामात असली तरी महिन्यातून एकदा ‘हॅलो’ म्हणतेच. घरच्यांनी तक्रार दिली, पोलिसांनी फोनचा ठावठिकाणा काढला, तर तो अमेरिकेत नव्हता, भोपाळच्या साकेतनगरात होता. २ फेब्रुवारी २०१७ रोजी तिथल्या घरात संगमरवरी फरशी बसवलेला एक ओटा फोडला. आत लोखंडी पेटी होती, पेटीत सिमेंट ओतलेलं होतं, आणि त्या सिमेंटमध्ये ती मुलगी होती. चौकशीत उदयन दासनं सांगितलं की आपल्या आईवडिलांनाही आपणच मारलं आणि रायपूरच्या घराच्या आवारात पुरलं. ऑगस्ट २०२० मध्ये बांकुराच्या न्यायालयानं मुलीच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप सुनावली.

बंगालमधला एक बाप ‘माझी मुलगी बोलत का नाही?’ एवढंच विचारत राहिला, आणि त्यातून छत्तीसगडमधल्या दोन जिवांचा हिशोब उघड झाला. बेपत्ता माणसांच्या जुन्या प्रकरणांबद्दल वाचायला लागल्यापासून मला ही गोष्ट वारंवार दिसते आहे. पुरावा बहुतेक वेळा कुठंतरी असतोच. बँकेत, मातीत, हाडात, कुणाच्या तरी आठवणीत तो पडून असतो. त्याला हलवायला विचारणारं माणूस लागतं.

आधी मातीचं बघू. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो. काळी कन्हार, पिवळसर मटासी, या दोन्हींच्या मधली डोरसा, आणि लाल मुरमाड भाठा. जमीन यांतली कुठलीही असो, खणलं की तिचे थर एकाखाली एक ठरलेल्या क्रमानं लागतात, वर्षानुवर्षं दाबून बसलेले. एकदा खड्डा करून तो बुजवला की हा क्रम मोडतो. खालचा मुरूम वर येतो, वरची माती तळाशी जाते, मध्ये पोकळ्या राहतात. विहीर किंवा पाया खणणाऱ्या कुणालाही विचारा. उपसलेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात तशीच बसत नाही. आधी ती उंचवटा करते, एकदोन पावसाळ्यांनंतर खचते. पाणी तिथं वेगळ्या गतीनं मुरतं, गवत वेगळं वाढतं. पन्नास वर्षांनीही जाणकार डोळ्याला तिथला काप दिसतो.

वरून न खणता हा काप बघायचा असेल तर जमिनीत शिरणारं रडार वापरतात. आपण कलिंगड घेताना टिचकी मारून कान देतो, तसलाच हा प्रकार. फक्त इथं टिचकी रेडिओलहरींची असते. लॉनमोअरसारखं दिसणारं यंत्र जमिनीवरून ढकलत नेतात, ते लहरी खाली सोडतं आणि परत येणाऱ्या लहरी टिपतं. घट्ट मातीतून पोकळ जागेत जाताना, मातीतून दगडावर आदळताना लहर थोडी मागं फिरते. ती परतायला किती वेळ लागला, त्यावरून खोली कळते. सांगाड्याचं चित्र काही पडद्यावर उमटत नाही. उमटतं ते एवढंच, की ‘इथं थर मोडलेला आहे’. पण शोधणाऱ्याला तेवढं पुरतं.

याचं छत्तीसगडमधलंच उदाहरण कोरब्याचं आहे. सलमा सुलताना ही तिथली तरुण वृत्तनिवेदिका. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती दिसेनाशी झाली. घरात एक मृत्यू झाला तेव्हाही ती आली नाही, फोनही बंद. मग जानेवारी २०१९ मध्ये घरच्यांनी बेपत्ता झाल्याची तक्रार दिली. फाइल उघडली आणि पडून राहिली. २०२३ मध्ये रॉबिन्सन गुडिया या तरुण आयपीएस अधिकाऱ्यानं ती पुन्हा काढली. तपासाचं टोक मिळालं ते एका बँकेच्या खात्यात. सलमानं कर्ज घेतलं होतं. ती नाहीशी झाल्यानंतरही त्या कर्जाचे हप्ते काही काळ भरले जात होते. मग भरत कोण होतं? कर्जाचा हप्ता ही किती रुक्ष गोष्ट. दर महिन्याला तारीख, रक्कम, खाते क्रमांक. पण या एका ओळीवरून पोलीस एका जिमच्या चालकापर्यंत पोचले.

मृतदेह कुठं पुरला हे आरोपींकडून कळलं, तेव्हा नवी अडचण उभी राहिली. ती जागाच उरली नव्हती. पाच वर्षांत तिथून चौपदरी रस्ता गेला होता. झाडं गेली, वळण गेलं, खुणा गेल्या. पोलिसांनी जुनी उपग्रह-छायाचित्रं काढून आजच्या जागेशी ताडून पाहिली, जमिनीत शिरणारं रडार फिरवलं, न्यायालयाची परवानगी घेऊन डांबर फोडलं. पहिल्या खोदकामात हाती काही लागलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगाडा मिळाला. हजारो गाड्या त्या रस्त्यावरून रोज जात होत्या, आणि त्यांच्या चाकांखाली ती मुलगी होती. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. मला इथं थांबून त्या अधिकाऱ्याचं कौतुक करावंसं वाटतं ते अशासाठी, की त्या फाइलला हात लावला नसता तरी त्याला कुणी जाब विचारणार नव्हतं.

सांगाडा मिळाला तरी तो कुणाचा, हा प्रश्न उरतोच. इथं तर मी खरोखर अवाक् होतो. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत मुख्य डीएनएखेरीज आणखी एक छोटा, गोल वळ्यासारखा डीएनए असतो. तो मायटोकाँड्रियात असतो आणि फक्त आईकडून येतो. आजीच्या पाटल्या न मोडता, न आटवता आईकडे आणि आईकडून लेकीकडे येतात, तसा. मुलग्यांनाही तो मिळतो, पण ते तो पुढं देऊ शकत नाहीत. त्यात जेमतेम साडेसोळा हजार अक्षरं असतात, नेमकं सांगायचं तर १६,५६९. मुख्य डीएनएच्या एका पेशीत दोनच प्रती, तर या वळ्याच्या शेकडो, कधी हजारो. म्हणून उन्हापावसात, मुरमाड आम्ल जमिनीत बाकी सगळं झिजून गेलं तरी एखाद्या दाढेत, कानाच्या आतल्या टणक हाडात याची प्रत टिकून राहते. बेपत्ता माणसाची आई हयात नसली तरी चालतं. मावशी, मामा, सख्खी बहीण, मावसभाऊ, या सगळ्यांकडे तेच वळं असतं. कुणी मावशी तीस वर्षं वाट बघत बसली असेल तर पुरावा तिच्या लाळेत आहे.

मुख्य डीएनए मिळाला तर ओळख आणखी पक्की होते, कारण तो निम्मा आईचा, निम्मा बापाचा. यातून एक गोष्ट निघते, ती लिहितानाही अंगावर काटा येतो. आईबापाच्या खुनात मुलगाच आरोपी असेल, तर हाडं त्यांचीच आहेत हे सांगणारा सगळ्यात जवळचा नमुना त्या मुलाच्याच रक्तात असतो.

डीएनए येण्याआधी हे कसं करत? त्याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट मुंबईत शिकलेल्या एका डॉक्टरची आहे. बख्तियार हकीम या पारशी तरुणानं ग्रँट मेडिकल कॉलेजमधून वैद्यकी केली, विलायतेत जाऊन बक रक्स्टन असं नाव घेतलं आणि लँकेस्टर गावात दवाखाना थाटला. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याची बायको इझाबेला आणि मुलांना सांभाळणारी मेरी रॉजरसन या दोघी नाहीशा झाल्या. तो सांगायचा, गेल्या कुठंतरी. दोन आठवड्यांनी स्कॉटलंडमध्ये मॉफट गावाजवळच्या एका ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहाचे तुकडे सापडले. डॉक्टरच्या हातानं केलेलं काम होतं. ओळख पटेल अशी प्रत्येक खूण काढून टाकलेली होती.

ग्लासगोचे जॉन ग्लेस्टर आणि एडिंबराचे जेम्स ब्रॅश या दोन प्राध्यापकांनी तुकडे जुळवून दोन देह उभे केले. मग ब्रॅशनी इझाबेलाचा स्टुडिओत काढलेला एक फोटो घेतला. त्यात तिनं डोक्यावर रत्नजडित मुकुट घातला होता. तो मुकुट मिळवून मोजला, त्यावरून फोटोतल्या चेहऱ्याचं खरं माप काढलं, कवटीचा त्याच कोनातून, त्याच मापाचा फोटो काढला आणि एकावर एक ठेवला. डोळ्यांच्या खोबण्या, नाक, जबडा, सगळं चपखल बसलं. दागिना अंगावर नव्हता, नुसता फोटोत होता, तरी त्यानं साक्ष दिली.

आणि वर्तमानपत्रानंही दिली. काही तुकडे ‘संडे ग्राफिक’ या साप्ताहिकाच्या १५ सप्टेंबरच्या अंकात गुंडाळलेले होते. चौकशीत निघालं की ती खास आवृत्ती होती, लँकेस्टर आणि मोरकॅम्ब या भागापुरतीच छापून विकलेली. स्कॉटलंडच्या ओढ्यातला कागद लँकेस्टरचा पत्ता सांगत होता. रक्स्टनला मे १९३६ मध्ये फाशी झाली. मुंबई-नागपूरच्या दैनिकांच्याही आज जिल्ह्याजिल्ह्याच्या वेगळ्या आवृत्त्या निघतात. छापखान्यात ते पान बदलणाऱ्या माणसाला आपण काय करून ठेवतोय याची कल्पनाही नसते.

आता उलट प्रश्न. देह मिळालाच नाही तर? ‘मुडदा नाही तर खून नाही’ असं गावोगाव बोललं जातं, आणि गुन्हेगारही त्याच भरवशावर असतो. कायदा तसं म्हणत नाही. बाकीचे पुरावे पुरेसे बळकट असतील तर मृतदेह न मिळताही खून सिद्ध होऊ शकतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वीच स्पष्ट केलं आहे. खुनाच्या गुन्ह्याला मुदतही नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना कालमर्यादा आहे, त्यावरच्या गंभीर गुन्ह्यांना नाही. वीस वर्षांनी, तीस वर्षांनीही खटला उभा राहू शकतो.

महाराष्ट्रात याचं ताजं उदाहरण सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातली ही लेक, नवी मुंबईत नोकरीला. ११ एप्रिल २०१६ रोजी त्या नाहीशा झाल्या. त्यांच्याच खात्यातला वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर याच्यावर घरच्यांचा संशय होता. भाऊ आणि पती ठाण्यांचे उंबरे झिजवत राहिले, उच्च न्यायालयात गेले, वार्ताहरांना कागद दाखवत राहिले. २६ जानेवारी २०१७ रोजी कुरुंदकरला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झालं. पुढं खटल्यात न्यायालयानंही याबद्दल आश्चर्य व्यक्त केलं. देहाचे तुकडे करून वसईच्या खाडीत टाकले, असं तपासात निघालं. खाडीत यंत्रं उतरवून शोध झाला, काही मिळालं नाही. खाडी रोज दोनदा भरते, दोनदा ओसरते. तिथं जवळपास दोन वर्षांनी काय उरणार? तरी फोनची ठिकाणं, संगणकातली माहिती, साक्षी यांची साखळी जुळत गेली आणि २१ एप्रिल २०२५ रोजी पनवेलच्या सत्र न्यायालयानं कुरुंदकरला जन्मठेप दिली. नऊ वर्षं. भावाचं आणि नवऱ्याचं निम्मं आयुष्य या एका नावामागं गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

सगळ्यांच्या वाट्याला निकाल येत नाही. परभणीचा ख्वाजा युनूस, २७ वर्षांचा इंजिनिअर, घाटकोपरच्या २००२ मधल्या बॉम्बस्फोटानंतर पोलिसांनी धरला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. त्याच्यासोबत कोठडीत असलेल्या एकानं न्यायालयात वेगळंच सांगितलं: त्याला बेदम मारलं जात होतं आणि तो रक्त ओकत होता. उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानं सीआयडी चौकशी झाली, चार पोलिसांवर खटला भरला गेला. आई आसिया बेगम परभणीहून मुंबईच्या कोर्टाच्या खेपा घालत राहिल्या. वीस वर्षं उलटून गेल्यावरही खटला रेंगाळतच होता. मुलाचा देह कधीच मिळाला नाही. हे लिहिताना आश्चर्य आटून जातं आणि फक्त संताप उरतो.

पत्रकार इथं काय करू शकतो? सिडनीतली एक हकीकत सांगतो. लिनेट डॉसन, दोन लहान मुलींची आई, जानेवारी १९८२ मध्ये नाहीशी झाली. शाळेत शिक्षक असलेल्या तिच्या नवऱ्यानं सहा आठवड्यांनी पोलिसांत कळवलं. त्याच्या शाळेतली एक अल्पवयीन विद्यार्थिनी त्याच्या घरात राहायला आली होती. दोन मृत्यू-चौकश्या झाल्या, २००१ आणि २००३ मध्ये. दोन्हींनी म्हटलं, नवऱ्यावर खटला भरा. भरला गेला नाही. २०१८ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ दैनिकाच्या हेडली थॉमस या वार्ताहरानं जुने शेजारी, मैत्रिणी, नातेवाईक शोधून काढले, त्यांना बोलतं केलं आणि ‘द टीचर्स पेट’ नावाची ध्वनिमालिका केली. कोट्यवधी वेळा ती ऐकली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ख्रिस डॉसनला अटक झाली. ३० ऑगस्ट २०२२ रोजी तो दोषी ठरला, चोवीस वर्षांची शिक्षा झाली. देह तेव्हाही मिळालेला नव्हता. त्यानंतर तिथल्या राज्यात कायदा झाला, लिनेटच्याच नावानं ओळखला जाणारा: देह कुठं ठेवला हे न सांगणाऱ्या खुन्याला पॅरोल नाही.

यात धोकाही होता, आणि तो मी लपवणार नाही. मालिका इतकी गाजली की ज्यूरीची मनं आधीच बनली असतील या भीतीनं खटला एकट्या न्यायाधीशासमोर चालवावा लागला. साक्षीदारांनी आपली आठवण सांगितली की ऐकलेली मालिका, यावर आरोपीच्या वकिलानं बोट ठेवलं. आपल्याकडे वाहिन्यांवर संध्याकाळी जे खटले चालतात, त्यांनी तर कितीतरी प्रकरणं नासवली आहेत. जुन्या प्रकरणात पत्रकारानं करायचं काम वेगळं असतं. तो मिळालेल्या साक्षीदाराचा पत्ता, तारीख, कागद जपून ठेवतो. निकाल देत नाही.

आईच्या चिकाटीबद्दल लिहायचं तर ब्यूनोस आयर्सला जावंच लागतं. ३० एप्रिल १९७७ रोजी काही आया अध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लाझा द मायो या चौकात जमल्या. लष्करी राजवटीनं त्यांची मुलं उचलून नेली होती. घोळक्यानं उभं राहायला बंदी होती, म्हणून त्या चालू लागल्या, गोल गोल. त्यांना जमवणारी असुसेना व्हियाफ्लोर ही बाई त्याच वर्षी डिसेंबरात उचलली गेली. किनाऱ्यावर वाहून आलेले काही देह तेव्हा ‘नाव नाही’ अशा नोंदीनं एका दफनभूमीत पुरले गेले. १९८४ मध्ये अमेरिकेतून क्लाइड स्नो हा हाडांचा जाणकार आला आणि त्यानं तिथल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून सांगाडे ओळखायला शिकवलं. मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईनं आजीच्या रक्तावरून नातवंडं ओळखायची रीत बसवली. आईबाप मारून त्यांची तान्ही मुलं दुसऱ्यांना दिली गेली होती, त्यांना त्या रीतीनं आपल्या आज्या मिळाल्या. आणि त्या विद्यार्थ्यांच्या चमूनं २००५ मध्ये असुसेनाची हाडं ओळखली. अठ्ठावीस वर्षांनी. तिची रक्षा त्याच चौकात पुरली आहे.

आपल्याकडे अशी व्यवस्था का नाही? बेपत्ता माणसांच्या नातलगांचे नमुने एकीकडे, अनोळखी मृतदेहांचे दुसरीकडे, आणि दोन्ही ताडून पाहणारी देशभराची एकच नोंद, अशी तरतूद असलेलं डीएनए विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. खासगीपणाबद्दल रास्त आक्षेप निघाले. जुलै २०२३ मध्ये सरकारनं ते मागं घेतलं. आक्षेप दूर करून नवं आणायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. गुन्हेगारांची नोंद बाजूला ठेवा, पण स्वतःहून रक्त द्यायला तयार असलेल्या आईसाठी तरी दार उघडं हवं. एका जिल्ह्यात अनोळखी म्हणून अंत्यसंस्कार झालेला देह दुसऱ्या जिल्ह्यातल्या घराची रोजची वाट असतो.

विचारणारी माणसं लगेच उभी राहिली तर काय होतं, हे बस्तरनं अलीकडेच पाहिलं. विजापूरचा पत्रकार मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी घरून निघाला आणि परतला नाही. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्यानं बाहेर काढला होता. दुसऱ्याच दिवशी भाऊ आणि पत्रकार मित्र शोधाला लागले, ठाण्यात गेले, सोडायला तयार होईनात. ३ जानेवारीला एका ठेकेदाराच्या आवारातली, ताज्या काँक्रीटनं बुजवलेली सेप्टिक टाकी पोलिसांनी फोडली. मुकेश तिथं होता. त्याला वाचवता आलं नाही. पण ते काँक्रीट जुनं व्हायला, त्यावर फरशी बसायला, कुणी घर विकायला वेळ मिळाला नाही. सुंदरनगरात तो सगळा वेळ मिळाला होता.

छत्तीसगडमधल्या पत्रकारितेची सुरुवात एका मराठी माणसानं केली. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्यातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. रायपुरात तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांत आजही मराठी बोललं जातं. म्हणून ही प्रकरणं मला परक्या मुलखातली वाटत नाहीत.

आता तुमच्यासाठी. तुमच्या घरातलं, शेजारातलं कुणी नाहीसं झालं असेल, काल किंवा पंचवीस वर्षांपूर्वी, तर एवढं करा. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर गुन्हा नोंदवूनच घ्या. १० मे २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं बेपत्ता मुलाचं प्रकरण अपहरण मानूनच सुरू करायला सांगितलं आहे. माणूस मोठं असेल आणि घातपाताची शंका असेल तर ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेनुसार गंभीर गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यानं घ्यायची आहे. त्या माणसाचा हसतानाचा, दात दिसणारा फोटो शोधून ठेवा. हाडं मोडली असतील तर जुना एक्स-रे, दाताच्या डॉक्टरकडचे कागद, बँकेची पासबुकं, मोबाइल क्रमांक, सगळं एका पिशवीत. आई थकली असेल तर तिचा डीएनए नमुना घ्यावा असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याकडे आजच द्या. तक्रारीची प्रत मागून घ्या, तिच्यावर नोंद क्रमांक आणि तारीख आहे ना ते बघा, आणि दर सहा महिन्यांनी ती घेऊन पुन्हा ठाण्यात जा.